नवा महाराज नको, आधार हवा

अगं, मठ सोडलास तेव्हा तुला वाटलं होतं, आता सुटले. पण झालं भलतंच. रात्री दोन वाजता दचकून जाग येते. मुलाला ताप आला की डॉक्टरच्या आधी मनात येतं, ‘महाराजांचा कोप झाला.’ दुकानदाराने दोन साड्या पुढे टाकल्या तर कुठली घ्यावी ते सुचत नाही, कारण इतकी वर्षं असल्या गोष्टीसुद्धा विचारून करायची सवय. ज्या बायकांबरोबर पहाटेपासून सेवा केली, त्या बाजारात समोरून आल्या की मान फिरवतात. आणि घरचे म्हणतात, ‘सोडायचं होतं ते सोडलंस ना, मग आता रडतेस कशाला?’

यातलं काही तुझ्या बाबतीत होत असेल, तर आजचं बोलणं तुझ्यासाठीच आहे. मीही अशाच एका पंथातून बाहेर पडले आहे. बाहेर पडणं अवघड होतं, पण त्यानंतरचा काळ त्याहून अवघड गेला. म्हणून तुला मनापासून सांगते: मदत घे. लाजू नकोस, लांबणीवर टाकू नकोस. फक्त ती अशा माणसाकडून घे, ज्याला तू प्रश्न विचारलेले आवडतात. बाकी जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी एक साफ करू. देव मानणं, वारीला जाणं, घरात हरिपाठ म्हणणं, कुणाला गुरू मानणं, यात आजार नाही आणि गुन्हाही नाही. मी बोलते आहे ते वेगळ्या जागेबद्दल. तिथे कुणाशी बोलायचं, काय वाचायचं, पगारातला किती भाग द्यायचा, मुलगी कुठे द्यायची, हे सगळं वरून ठरतं. शंका आली तर ते तुझं पाप. मनातलं सगळं कबूल करायचं, आणि तेच कबूल केलेलं उद्या तुझ्याविरुद्ध वापरलं जाणार. आणि ‘जो सोडून गेला त्याचं वाटोळं झालं’ अशा गोष्टी दर आठवड्याला ऐकायच्या. हे हिंदू मठात होतं, चर्चमध्ये होतं, मुस्लिम जमातीत होतं, आणि देवाचं नावही न घेणाऱ्या ‘आत्मविकास’ शिबिरांतही होतं.

यावर अभ्यास झालेला आहे, हे मला कळलं तेव्हा केवढा धीर आला होता! रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कम्युनिस्ट चीनमधल्या सक्तीच्या ‘विचार-सुधारणे’तून बाहेर आलेल्या लोकांच्या हाँगकाँगमध्ये मुलाखती घेतल्या आणि 1961 साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाच्या मनावर पूर्ण ताबा मिळवणाऱ्या समूहांची आठ लक्षणं त्याने सांगितली. सतत कबुली द्यायला लावणं, विचार तिथल्या तिथे थांबवणारी स्वतःची खास भाषा, आणि तुझ्या अनुभवापेक्षा शिकवण मोठी मानणं, ही त्यातली तीन. ते वाचताना मला वाटलं, हा माणूस आमच्या सभामंडपात मागच्या रांगेत बसून गेला की काय. तुला जे झालं ते तुझ्या मूर्खपणामुळे झालं नाही. ती एक रीत आहे, जगभर वापरली जाते, आणि हुशार, प्रेमळ, कष्टाळू माणसांवरही ती चालते. कारण अशी माणसं मन लावून सेवा करतात.

आता तुझ्या त्रासाला नाव काय? डॉक्टरांच्या पुस्तकात ‘पंथ सोडल्याचा आजार’ असं काही नाही. मार्लिन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2011 साली ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ हा शब्द पुढे आणला, पण अधिकृत यादीत तो नाही. तरी म्हणून तुझा त्रास हवेतला ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी 2022 पासून लागू झाली, तिच्यात दीर्घकाळ चाललेल्या, सुटका नसलेल्या आघातानंतर होणाऱ्या त्रासाची वेगळी नोंद आहे. डॉक्टर त्याला ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीतही दीर्घ आणि तीव्र मनपरिवर्तनाच्या दबावाने ‘मी कोण’ हेच डळमळीत होण्याचा उल्लेख आहे. कुणाला नुसतं नैराश्य असतं, कुणाला चिंतेचा आजार, कुणाला फक्त शोक. तुझं यातलं काय आहे ते तज्ज्ञ ठरवेल. तुझं काम एवढंच, की जे होतंय ते लपवू नकोस.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाहीस. मध्येच कधीतरी तू जुन्या दिवसांत ओढली जाशील. मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पंथातून बाहेर आलेल्यांबरोबर काम केलं आणि 1979 साली त्यांच्याविषयी लिहिलं, त्यात हे आहे. माझ्या बाबतीत ते एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये झालं. कुणीतरी केवड्याची अगरबत्ती हातात घेऊन नुकतंच गेलं असावं. त्या वासाबरोबर माझे हात आपोआप जोडले गेले, मान खाली गेली, आणि मला चौथ्या मजल्यावर उतरायचं होतं ते सहाव्यावर दार उघडलं तेव्हा भान आलं. घाम फुटला होता. असं झालं तर स्वतःशी मोठ्याने बोल: आज वार कुठला, साल कुठलं, मी कुठे उभी आहे. समोरच्या पाच वस्तूंची नावं घे. पाय जमिनीवर घट्ट रोव. हे उतरतं. याचा अर्थ तुला परत जायचंय असा नाही, आणि महाराज बोलावताहेत असा तर मुळीच नाही.

आता मदत कुठे मिळते ते बघू. तुझ्या हातात पैसे नसतील, फोन घरातल्या सगळ्यांचा असेल, आणि गाव लहान असेल, हे धरूनच सांगते.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे टेलिमानस. केंद्र सरकारची ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 हा नंबर, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तिथून पुढे कुठे जायचं तेही सांगतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा 2012 पासून फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. केस पेपर फुकट किंवा नाममात्र पैशात निघतो. मुंबईत केईएम, सायन, नायर ही नावं तुला माहीत असतीलच. रांग असते, वेळ कमी मिळतो, पण औषधाची गरज आहे का ते तिथे नक्की कळतं. आणि मरणाचे विचार येत असतील तर यातलं काही निवडत बसू नकोस. लगेच 14416 लाव, जवळच्या एका माणसाला सांग, एकटी राहू नकोस, आणि वेळ पडली तर सरळ दवाखान्यात जा किंवा 112 ला फोन कर.

खासगीत जायचं तर आधी माणसं ओळखायला शीक. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते; नोंदणी क्रमांक विचारायला काहीच हरकत नाही. समुपदेशक मात्र नाना तऱ्हेचे भेटतात. कुणी मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं चांगलं काम केलेलं, तर कुणी आठवड्याचा कोर्स करून पाटी लावलेलं. म्हणून शिक्षण विचारायचंच. ‘मागच्या जन्मात नेऊन गाठ सोडवतो’, ‘ऊर्जा शुद्ध करतो’, ‘तुमची पत्रिका आणा’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पड. तू एका दरबारातून उठून दुसऱ्या दरबारात बसायला निघालेली नाहीस.

फोनवरच काही गोष्टी विचारून घे. कागदावर लिहून समोर ठेव, कारण बोलताना तोंडाला कोरड पडते. तुमचं शिक्षण काय? पंथ सोडलेल्या किंवा घरात सतत धाकात राहिलेल्या माणसांबरोबर तुम्ही काम केलंय का? तुम्ही स्वतः कुठल्या महाराजांचे, संस्थेचे अनुयायी आहात का? मी बोललेलं माझ्या नवऱ्याला, सासूला, आईला कळेल का? फी किती, किती दिवसांनी यायचं, आणि मला थांबायचं झालं तर कसं थांबायचं?

तिसरा प्रश्न उद्धट वाटेल, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याकडे डॉक्टर, वकील, शिक्षक सगळेच कुठल्या ना कुठल्या गादीचे असू शकतात. तालुक्याच्या गावी तर केबिनमध्ये शिरलीस आणि भिंतीवर तोच फोटो हार घालून लावलेला दिसला, असं खुशाल होऊ शकतं. तसं दिसलं तर तिथे एक शब्दही बोलायची गरज नाही. ‘डोकं दुखतं’ म्हणून सांग, बाहेर ये आणि शेजारच्या जिल्ह्यात किंवा व्हिडिओ कॉलवर दुसरं माणूस शोध. दुसऱ्या प्रश्नाला ‘अशा केसेस केल्या नाहीत, पण मी वाचेन, तुमच्याकडून समजून घेईन’ असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर आहे. ‘मला सगळं माहीत आहे, तुम्ही फक्त या’ हे वाईट उत्तर आहे.

दोन टोकाच्या माणसांपासून सांभाळ. एक म्हणतो, ‘एवढं काय त्यात, नामस्मरण चालू ठेवा, सगळ्यांशी गोड राहा.’ दुसरा हसतो आणि म्हणतो, ‘तुम्ही शिकलेल्या, तुम्ही कशा असल्या बुवाबाजीला भुललात?’ पहिला तुला परत तिथेच ढकलतो, दुसरा तुझी लाज वाढवतो. तुला देव ठेवायचा की सोडायचा, हे ठरवणं त्या दोघांचंही काम नाही. बाहेर पडल्यावर कुणी नास्तिक होतं, कुणी मोकळेपणाने पंढरीला जाऊ लागतं, कुणाला वर्षानुवर्षं काहीच ठरवता येत नाही. चांगला समुपदेशक या तिघांबरोबरही सारख्याच आदराने बसतो.

माझ्या पहिल्या भेटीची एक गोष्ट सांगते. मी खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, हात मांडीवर, नजर खाली. मॅडम बोलत होत्या आणि मी ‘हो, हो’ म्हणत होते. वेळ संपली तशी मी उठले आणि सवयीने त्यांच्या पायाशी वाकले. त्या झटकन मागे झाल्या. म्हणाल्या, ‘इथे नमस्कार नको. आज मी जे बोलले त्यातलं काय पटलं नाही, ते पुढच्या वेळी सांगा.’ जिना उतरताना माझे पाय थरथरत होते. न पटणं सांगायचं असतं आणि त्यानंतरही आपल्याला परत बोलावतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढच्या भेटीत मी एक छोटीशी तक्रार केली, की तुम्ही फार भराभर बोलता. त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि त्या दिवसापासून सावकाश बोलू लागल्या.

आपला उपचार इथेच असतो. त्या खोलीत तू ‘नाही’ म्हणतेस आणि वीज कोसळत नाही. तू शंका काढतेस आणि समोरचा रागावत नाही. तू एक भेट चुकवतेस आणि तुझं वाटोळं होत नाही. हे पुन्हा पुन्हा घडलं की शरीराला हळूहळू पटतं. म्हणूनच जो तज्ज्ञ तुला हुकूम सोडतो, दुसरा सल्ला घेऊ देत नाही, ‘हे बाहेर कुणाला सांगू नका’ म्हणतो, शिबिराला चला म्हणून मागे लागतो, स्वतःच्या घरची कामं सांगतो, नको तसा स्पर्श करतो किंवा ‘तीन भेटींत बरी करतो’ अशी हमी देतो, तो कितीही शिकलेला असो, तिथून निघून यायचं. कारण सांगायचं बंधन तुझ्यावर नाही.

उपचार कसे चालतात याची थोडी कल्पना असू दे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले, आणि आजही बरेच तज्ज्ञ त्यावर चालतात. पहिला सुरक्षितता: झोप, जेवण, राहायची जागा, धमक्यांपासून बचाव. दुसरा आठवणी आणि शोक. तिसरा माणसांत परत येणं. घाई करून पहिल्याच दिवशी सगळं उकरून काढायचं नसतं. कुणी तसं करायला लावलं तर ‘मला आज एवढंच जमेल’ म्हण.

आपल्याकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत बरेच समुपदेशक वापरतात, कि. मो. फडके यांनी ती मराठीत घराघरांत पोहोचवली. ‘महाराज रागावले म्हणून मुलाला ताप आला’ या विचाराला पुरावा काय, असं ती विचारायला शिकवते. फार उपयोगी आहे. पण सुरुवातीच्या दिवसांत डोक्याला सगळं पटलेलं असतं आणि पोटातली भीती जात नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस. भीती शरीरात बसलेली असते, तिला वेळ लागतो. श्वासाचे, स्नायू सैल सोडायचे व्यायाम, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर यांसारख्या पद्धती त्यासाठी असतात. एकच लक्षात ठेव: डोळे मिटून ध्यानाला बसायला सांगितलं आणि तुला मठातलं ध्यान आठवून घाबरल्यासारखं झालं, तर लगेच तसं सांग. डोळे उघडे ठेवूनही शांत होता येतं. चालताना, भांडी घासतानाही होता येतं.

औषध लिहून दिलं तर तेही घाबरण्यासारखं नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मधेच आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. थांबवायच्या झाल्या तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. ‘गोळी म्हणजे श्रद्धा कमी पडली’ असं तिथे शिकवलं असेल. ते विसर.

आता कायद्याचं. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरचे पंथातच असतील तर ‘हिला वेड लागलंय’ हे वाक्य तू ऐकलं असशील. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे की आपल्या समाजात रूढ असलेली नैतिक मूल्यं किंवा धार्मिक श्रद्धा एखाद्या व्यक्तीने मानल्या नाहीत, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. मठात जायचं बंद केलंस, हे वेडाचं लक्षण नाही. कायदाच तसं म्हणतो. त्याच कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे; जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्या प्रसंगांतच त्याला अपवाद आहे. आणि एक हक्क फारच कमी जणींना माहीत असतो. उद्या तू इतकी आजारी पडलीस की स्वतःचा निर्णय घेता येत नाही, तर तुझ्या वतीने कोण बोलेल, ते तू आजच साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतेस. ती व्यक्ती नातेवाईकच असली पाहिजे असं नाही. विश्वासातली मैत्रीण चालते. नवरा आणि सासर पंथात असेल तर हा कागद करूनच ठेव.

वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. जातपंचायतींमुळे तो गाजला, पण त्यातल्या ‘समुदाय’ या शब्दात धर्माचे आणि पंथाचे समूहही येतात. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अंगात शक्ती आहे असं सांगून कुणी धमकावत, लुबाडत असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यात वाट दाखवतात. घरात मारहाण होत असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन. पण लगेच पोलीस ठाणं गाठलंच पाहिजे असं नाही. तुझी झोप परत येईपर्यंत थांबायचं असेल तर थांब. कुणी ‘तू गप्प बसलीस म्हणून ते मोकाट सुटले’ म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. चळवळीत उतरायचं की नाही, तेही तुझं तूच ठरवायचंस.

व्यवहाराच्या गोष्टीही बघ. आधारकार्ड, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक मठात किंवा सासूच्या कपाटात असेल तर आधी ते ताब्यात घे. फोन इतर कुणी बघत असेल तर समुपदेशकाचा नंबर वेगळ्या नावाने ठेव, आणि व्हिडिओ कॉल मैत्रिणीच्या घरून कर. व्हॉट्सअ‍ॅपच्या मठाच्या ग्रुपमधून बाहेर पडायची हिंमत होत नसेल तर आज नुसता म्यूट कर. शहरात खासगी भेटीची फी हजार-दीड हजाराच्या पुढे जाऊ शकते. ‘माझ्याकडे एवढे नाहीत, कमी होतील का?’ असं सरळ विचार. बरेच जण काही जागा कमी फीसाठी राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि इतकी वर्षं दक्षिणा देत आलीस तशी फी देऊ नकोस. पावती माग.

तुझा जन्मच पंथातला असेल, तर तुझं दुःख जरा वेगळं आहे. मधेच पंथात गेलेल्या माणसाला ‘पूर्वीची मी’ असते, तिच्याकडे परतता येतं. तुला तशी कुणी नाही. गाणं कुठलं आवडतं, कुठला रंग आवडतो, मित्र कसे करतात, हे तुला तिशीत शिकायचं आहे. पुण्यात 1974 साली सुरू झालेल्या रजनीशांच्या आश्रमात आणि पुढे अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या त्यांच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांपैकी काही जण कित्येक दशकांनी, पन्नाशीच्या आसपास आल्यावर, आपल्यावर काय गुदरलं ते उघडपणे बोलू लागले. तेव्हा ‘आता उशीर झाला’ असं मनात आणू नकोस. बोलता येऊ लागलं, तीच योग्य वेळ.

आणि रडू आलं तर रड. मठाची आठवण आली म्हणून तू दुटप्पी ठरत नाहीस. तिथे वाईट होतं तसं चांगलंही होतं. मोठ्या पातेल्यात पिठलं घोटताना झालेल्या गप्पा, आजारपणात डबा आणून देणाऱ्या ताया, एका सुरात म्हटलेली आरती, हे सगळं खरं होतं. ते गेलं, त्याचा शोक करायला हवा. वाया गेलेल्या वर्षांचा, दिलेल्या पैशांचा, न झालेल्या शिक्षणाचा राग आला तर तोही येऊ दे. समुपदेशकासमोर दोन्ही बोल. ज्याला एकच बाजू ऐकायची आहे असा माणूस तुझ्या कामाचा नाही.

तुझी आई, बहीण अजून आत असतील तर त्यांच्याशी वाद घालून त्यांना बाहेर काढायचा प्रयत्न आत्ता करू नकोस. सणाला एक फोन, तब्येतीची चौकशी, ‘कधीही ये, दार उघडं आहे’ एवढं पुरे. तू नीट जगताना दिसलीस, तुझं वाटोळं झालेलं दिसलं नाही, तर त्यांच्या मनात ते कुठेतरी राहतं.

किती दिवस लागतील, असं विचारशील. ते मी सांगू शकत नाही, आणि जो नेमकं सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण बरं होताना काय दिसतं ते सांगते. मुलाला ताप येतो आणि तू आधी थर्मामीटर शोधतेस. साडी तूच निवडतेस आणि घरी आल्यावर ती आवडली नाही तर बदलून आणतेस. कुणी रागावलं तरी रात्री झोप लागते. आणि एक दिवस तू स्वतःहून समुपदेशकाला सांगतेस, ‘आता दर आठवड्याला यावंसं वाटत नाही.’ चांगला माणूस त्यावर शाप देत नाही, रुसत नाही, तुझी श्रद्धा कमी पडली म्हणत नाही. तो खुश होतो, आणि लागलं तर परत या म्हणतो. ज्याच्याकडून निघताना भीती वाटत नाही, तोच खरा आधार.

तेव्हा या आठवड्यात एवढंच कर. ते प्रश्न एका कागदावर लिही आणि एक फोन लाव. पहिलं माणूस नाही पटलं तर दुसरं बघ, दुसरं नाही पटलं तर तिसरं. निवडायचा हक्क तुझा आहे, आणि तो तू आधीच एकदा बजावला आहेस. तेव्हा तर तुझ्या बाजूने कुणीच नव्हतं. आता मी आहे.